ऐकण्याचा हक्क
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

माझा धाकटा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. सासूबाई म्हणायच्या, "मुलगे उशिराच बोलतात." पण पाठीमागे ताट पडले तरी तो वळून पाहत नसे, हे मला डाचत होते. शेवटी एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने कान न तपासताच यंत्र आमच्या गळ्यात मारले. आठ महिने मूल ते काढून फेकीत होते, आणि मी त्यालाच रागावत होते!

पुढे खऱ्या श्रवणतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी रीतसर तपासून कानाला जुळेल असे यंत्र लावले. वाचोपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे आठवड्यातून दोनदाच यायचे. खरी शाळा तुमच्या ओट्यापाशी." भाजी निवडताना, पोळ्या लाटताना मी त्याच्याशी बोलत राहिले. सहा महिन्यांनी तो "आई" म्हणाला.

कायदाही मला त्यांच्याकडूनच कळला. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला हे काम करता येत नाही; केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ प्रकारांत बहिरेपणा, कमी ऐकू येणे आणि वाचा व भाषेचे दोषही आहेत. मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, अशी व्यवस्था शासनाने करायची आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचा दाखला मिळाला, की ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क. पण ते टक्के ठरतात कान तपासणाऱ्याच्या मोजणीवर. मोजणी चुकली, तर लेकराचा हक्क बुडाला. म्हणून या मंडळींचे काम आता नुसते दयेचे राहिलेले नाही. ते कायद्याच्या जबाबदारीचे आहे.

भगिनींनो, तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. मूल आवाजाकडे वळत नसेल, तर वाट पाहू नका. यंत्र घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आणि दाखला मागायला जाल तेव्हा मान खाली घालू नका, ती भीक नव्हे.

माझे आठ महिने गेले, ते परत येणार नाहीत. तुमच्या शेजारणीचे वाचले, तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.