साखर, तांदूळ आणि वाढते वय

(सालेकसा येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



सालेकसा हा आपल्या राज्याच्या पूर्व सीमेवरील तालुका. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून जातो, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंडी समाजाची यात्रा लोटते, आणि पावसाळा लागला की बांधाबांधांतून धानाची रोवणी सुरू होते. अशा कष्टाच्या मुलखात मधुमेहावर बोलावयास उभा राहिलो, की श्रोत्यांच्या मनात एक शंका उमटलेली मला दिसते. हा तर शहरातील बैठ्या माणसांचा रोग. आम्हांला त्याचे काय?

या शंकेचे उत्तर आकडेच देतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार महाराष्ट्राच्या शहरी भागातील १०.९ टक्के प्रौढांना मधुमेह होता, आणि ग्रामीण भागातही हे प्रमाण ६.५ टक्के भरले. याच पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. त्यांखेरीज १३ कोटींहून अधिक लोक त्या वाटेवर आहेत. हा रोग गावाच्या वेशीवर थांबलेला नाही.

सडपातळ शरीर, छुपी चरबी

'मी तर काटक माणूस, मला कसा मधुमेह होईल?' असे अनेकजण विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला आहे. २००४ साली त्यांनी आपले स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी नवजात बालकांचीही मोजमापे केली. बालकांचे सरासरी वजन अवघे २.७ किलो होते. स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली, असे ते शरीर होते. म्हणजे आईच्या गरोदरपणातील कुपोषणाचे ऋण मूल पुढे आयुष्यभर फेडत राहते. म्हणूनच आरशात सडपातळ दिसणाऱ्या माणसानेही तिशीनंतर रक्तातील साखर तपासून घेतली पाहिजे.

ताटातील भात

हा तांदळाचा प्रदेश आहे. येथल्या माणसाला भात सोडा असे सांगणारा वैद्य त्याला उपाशी राहावयास सांगतो, आणि असा सल्ला चार दिवसांपलीकडे टिकत नाही. मी भात सोडा म्हणत नाही. भाताची जागा बदला, असे म्हणतो. ताटात आज भाताचा डोंगर आणि वरणाचा ओहोळ असतो. त्याऐवजी अर्धे ताट भाजीने भरावे. पातीची भाजी, अंबाडी, तरोटा, शेवगा, दोडके, जे हंगामात मिळेल ते. पाव ताट डाळ, वाल, अंडी किंवा तलाव-बोडीतील मासळी यांचे असावे, आणि उरलेल्या पाव भागात भात. आधी भाजी-वरण आणि मागाहून भात खाल्ला, तर साखर सावकाश चढते. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा उकडा तांदूळ बरा. कोदो-कुटकी आपल्या आजी-आजोबांच्या जेवणात होती. तिला पुन्हा ताटात घेण्यात कमीपणा नाही. गोड चहाचे चार कप मात्र खरोखरच कमी करा.

व्यायामाविषयी आपल्या पूर्वजांचे शहाणपण पाहा. सुश्रुताने मधुमेहाचे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा, असे दोन प्रकार सांगितले आणि निर्धन रोग्याला पायी लांब प्रवास करावयास आणि विहीर खणावयास सांगितले. आज विहीर खणण्याची आवश्यकता नाही. परंतु रोवणी आणि कापणी यांच्या मधले रिकामे महिने ओट्यावर बसून काढणे परवडणारे नाही. उतारवयात स्नायू झिजतात, आणि रक्तातील साखर वापरणारे मोठे कोठार तर स्नायूच होय. रोज अर्धा तास चालणे आणि हातांचा आधार न घेता खाटेवरून दहा-बारा वेळा उठणे-बसणे, एवढे तरी करावे.

या साध्या उपायांचे बळ किती, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने दाखविले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे चार गट केले होते. आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या गोळीने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र करूनही अधिक लाभ झाला नाही. गोळीइतकेच काम पायांनी केले!

गोळी: मित्र, परंतु डोळस मित्र हवा

याचा अर्थ गोळी वाईट असा नव्हे. रोग जडल्यावर बहुतेकांना ती घ्यावीच लागते. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त आणि भरवशाची गोळी असून तिचे मूळ युरोपातील एका वनस्पतीत आहे. १९५७ साली फ्रान्समध्ये ती प्रथम मधुमेहींसाठी वापरली गेली. पण तिच्या दीर्घकालीन सेवनाने 'ब-१२' जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येत असतील तर ते केवळ साखरेमुळेच, असे धरून चालू नये. मूत्रपिंड फारच क्षीण झाले असेल तर ही गोळी देता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी हवी.

काही गोळ्या साखर जोरात खाली आणतात. अशी गोळी घेऊन एकादशी करणारा किंवा उपाशीपोटी रोवणीला जाणारा वृद्ध बांधावरच कोसळू शकतो. दरदरून घाम, थरथर, भ्रम ही त्याची लक्षणे. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे. वृद्धांची साखर तरुणांइतकी काटेकोर ठेवण्याचा हट्टही धरू नये.

माझी एक चूक

आता मी माझीच एक चूक सांगणार आहे. पंचेचाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना सिकलसेल आजार होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी त्यांनी केली होती. आकडा चांगला होता. 'तुम्हांला मधुमेह नाही, निश्चिंत राहा', असे सांगून मी अहवाल परत दिला. वर्षभराने त्या पायाची न भरणारी जखम घेऊन आल्या. बोट टोचून पाहिले, तर साखर २८० होती.

असे का झाले? ही चाचणी तांबड्या पेशीला चिकटलेली साखर मोजते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. साखर चिकटण्यास तिला अवधीच मिळत नाही. म्हणून आकडा खोटा उतरतो. केवळ वाहक असलेल्यांतही तो थोडा कमी येऊ शकतो. पूर्व विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे मला ठाऊक होते. तरी त्या दिवशी मी दोन गोष्टींची सांगड घातली नाही. त्या बाईंचा पाय वाचला, पण एक बोट गेले. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात तपासणी करून कार्ड दिले जाते. माझी विनंती आहे की, साखर तपासावयास जाताना ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर प्रत्यक्ष मोजण्यास सांगा.

तारुण्याच्या पुड्या

शेवटी म्हातारपण लांबविणाऱ्या पुड्यांविषयी. कारले, मेथी हे अन्न म्हणून उत्तम. औषधाच्या गोळीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत. 'ड' जीवनसत्त्वाने मधुमेह टळतो का, हे २,४०० हून अधिक लोकांवर पाहिले गेले. २०१९ सालच्या निष्कर्षात लक्षणीय लाभ दिसला नाही. मेटफॉर्मिनने वार्धक्य लांबते, असेही आता बोलले जाते. ते सिद्ध झालेले नाही. उलट २०१९ सालच्याच एका अभ्यासात, स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या निरोगी वृद्धांना ही गोळी दिली असता त्यांचे स्नायू कमी वाढले. ज्याची उणीव तपासणीत दिसते ते जीवनसत्त्व अवश्य घ्यावे. जाहिरात पाहून मजुरीचे पैसे पुड्यांवर घालवू नयेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

वय कोणालाच थांबविता येत नाही. परंतु सत्तरीतही स्वतःच्या पायांनी बांधावर जावे, नातवंडांचे चेहरे स्वच्छ दिसावेत, एवढे मागणे अवास्तव नाही. त्यासाठी आज घरी गेल्यावर एकच करा. ताटात भात वाढून घेण्यापूर्वी भाजी वाढून घ्या. आणि या आठवड्यात आपली व आपल्या घरधनिणीची साखर तपासून घ्या. बायका स्वतःसाठी सहसा येत नाहीत. त्यांना घेऊन या.