‘कशावरून?’ : रसायनशास्त्राच्या तासाला विचारायचा प्रश्न

(जालना जिल्ह्यातील शिक्षक व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



कार्यकर्त्यांच्या बैठकीत रसायनशास्त्र कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु वर्गात ‘कशावरून?’ असे विचारण्याची ज्याला सवय लागली, तोच उद्या ग्रामसभेत उठून हिशेब मागेल. व्याख्या पाठ करून गप्प बसायला शिकलेले मूल पुढेही गप्पच बसते.

आपल्या गावचे पाणीच पाहा. बेसाल्टच्या कातळातून झिरपलेले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. त्यात साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार हे त्याचे कारण पुस्तकात एका ओळीत मिळते, आणि मूल ते परीक्षेपुरते लक्षात ठेवते. त्याऐवजी शिक्षकाने तीन बाटल्या घ्याव्यात : एकीत बोअरचे पाणी, दुसरीत तेच उकळून, निववून, वरचेवर ओतून घेतलेले, तिसरीत पावसाचे. तिन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून सारखेच हलवावे. एखादा म्हणेल, साबणच वाईट आहे. दुसरा विचारील, मग पावसाच्या पाण्यात त्याच साबणाला फेस कसा आला? उकळलेल्या पाण्यात फेस वाढला, तर बायकार्बोनेटे साक्याच्या रूपाने तळाशी बसली, असे म्हणता येईल. न वाढला, तर उकळूनही न जाणाऱ्या सल्फेट-क्लोराइडांचा विचार करावा लागेल. विधान, त्याचा पुरावा आणि दोहोंना जोडणारे कारण अशी युक्तिवादाची मांडणी स्टीफन टूल्मिन या तत्त्वज्ञाने 1958 साली विशद केली. आपली मुले ती तीन बाटल्यांवर शिकू शकतात; अट एवढीच की, शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये.

खेड्यातल्या शाळेत हे कसे जमणार, या शंकेला शेजारच्या मध्य प्रदेशाने उत्तर दिले आहे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. साधे साहित्य, पुस्तक उघडे ठेवून परीक्षा आणि सरकारी शाळांतलेच शिक्षक, एवढ्या बळावर तो तीस वर्षे चालला व पसरला. 2002 साली शासनाने तो बंद केला. चांगली अध्यापनपद्धती केवळ शिक्षकांच्या निष्ठेवर टिकत नाही. तिच्या पाठीशी संघटित पालक असावे लागतात, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणून प्रत्येक सत्रात निदान दोन घटक तरी या रीतीने शिकवावेत. कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन विचारावे : प्रयोगाचे साहित्य कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हातात? वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून 1976 साली संविधानात आले. ते कर्तव्य आपल्यालाही लागू आहे. उद्या हीच मुले आपल्या सभेत येऊन आपल्या घोषणांनाही ‘कशावरून?’ विचारतील. त्या वेळी त्यांना खाली बसवू नका.