दोन मिनिटांची तयारी

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवलेल्या सत्रातील भाषण)



आपल्या ग्रुपवर गेले वर्षभर एकच विषय फिरून फिरून येतो. कुणाची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणाचा मुलगा एमएससाठी अमेरिकेला निघालाय, आणि मला निरोप येतो, "अगं, कॅम्पसची तयारी कशी करायची, जरा सांग ना त्याला." प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम सांगते.

मी स्वतः कॅम्पसला बसले ते २००१ साली. तेव्हा अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटून गेला होता आणि त्यात ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. कॉलेजात येणाऱ्या कंपन्या एकदम कमी झाल्या. ज्या आल्या त्यांची अट ठरलेली: दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग, सगळीकडे ६० टक्के, आणि एकही विषय राहिलेला नको. मग लेखी परीक्षा, ग्रुप डिस्कशन, टेक्निकल मुलाखत आणि शेवटी एचआर. आमच्या खोलीत दोन पुस्तकं चौघींत फिरायची, गणितासाठी आर. एस. अगरवाल आणि 'सी'साठी यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. दोन्हींची कव्हरं निघून गेली होती. मुलांच्या होस्टेलवर म्हणे एकच टाय होता. त्याची गाठ कुणी सोडायची नाही असा नियम होता, कारण परत बांधता कुणालाच येत नव्हती.

आम्ही चौघीही मराठी माध्यमाच्या. मेसमधून आल्यावर अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचं असं ठरवलं. पहिले काही दिवस तो अर्धा तास खोलीत इतकी शांतता असायची की शेजारच्या मुली विचारायला आल्या, भांडण झालंय का? मग आम्ही विषय बदलला. 'जागतिकीकरण' वगैरे सोडून दिलं आणि आपापला प्रोजेक्ट एकमेकींना समजावून सांगायला लागलो. तिथे मात्र शब्द सापडत गेले. जे आपल्याला खरंच माहीत असतं, ते मोडक्यातोडक्या भाषेतसुद्धा सांगता येतं.

माझा प्रोजेक्ट गावच्या दूध डेअरीचा होता. लिटर, फॅट, एसएनएफ टाकायचं, दरपत्रकावरून पैसे काढायचे आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक सभासदाचं बिल छापायचं. मुलाखतीत पॉइंटरवरचे दोन प्रश्न झाले आणि समोरच्या सरांनी विचारलं, "संध्याकाळी दूध घालायला रांग लागलीय आणि मधेच वीज गेली, तर काय होईल?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं, पण मी डेअरीत बसून काम केलं होतं. वीज जायची हे मला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक नोंद अनुक्रमांकासह लगेच फाइलमध्ये लिहिली जाईल आणि वीज आल्यावर शेवटच्या क्रमांकापासून पुढे सुरू होईल, अशी सोय आधीच केली होती. इंग्रजी अडखळलं तेव्हा कागद मागून घेतला आणि चित्र काढून दाखवलं. निवड झाली.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. गेली १५ वर्षं मी मुलाखती घेते आहे. मधली चार वर्षं कंपनीने अमेरिकेत पाठवलं होतं. तिथल्या विद्यापीठांच्या करिअर फेअरला कंपनीच्या टेबलामागे मी उभी राहिले आहे. आपल्याकडचं कॅम्पस आणि तिथली फेअर यांत फरक आहे. तिथे कॉलेज तुमची यादी लावून कंपनीपुढे बसवत नाही. मोठ्या हॉलमध्ये कंपन्यांची टेबलं मांडलेली असतात आणि विद्यार्थी हातात रेझ्युमे घेऊन आपल्या पायांनी टेबलाशी येतो. नावाजलेल्या कंपनीपुढे अर्धा तास रांग, आणि बोलायला मिळतात दोनतीन मिनिटं.

एमएसला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आजच लिहून ठेवा. तिथे ऑगस्टमध्ये सत्र सुरू होतं आणि मोठी फेअर बहुधा सप्टेंबरमध्येच असते. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची निवड तिथून सुरू होते. म्हणजे तुम्ही अजून घर शोधताय, एकाही विषयाचे मार्क हातात नाहीत, आणि फेअर दारात. म्हणून रेझ्युमे इथूनच तयार करून न्या.

रेझ्युमे एका पानाचा. जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, 'छंद: वाचन व प्रवास' हे सगळं काढून टाका. आपण लग्नाचा बायोडाटा करत नाही आहोत. त्या जागेत केलेलं काम लिहा. विद्यापीठाचं करिअर सेंटर तो मोफत तपासून देतं, सरावाची मुलाखतही घेतं. लाजू नका, जा. येणाऱ्या कंपन्यांची यादी आधी मिळते. त्यातल्या आठदहा निवडा आणि त्या काय बनवतात ते वाचून जा. "तुमची कंपनी काय करते?" असं टेबलाशी येऊन विचारणाऱ्याची दोन मिनिटं तिथेच संपतात. सगळ्यात आवडत्या कंपनीपुढे पहिल्यांदा उभं राहू नका. आधी दुसऱ्या एखाद्या टेबलावर घसा मोकळा करून घ्या. आणि "वेबसाइटवर अर्ज करा" असं सांगितलं तर हिरमुसू नका. बऱ्याच कंपन्यांची पद्धतच तशी असते. त्याच रात्री अर्ज करा.

व्हिसाचंही स्पष्ट बोलते, कारण घरोघरी कर्ज काढून मुलं जातात. शिकताना इंटर्नशिप करायला बहुतेकांना आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण करावं लागतं. पदवीनंतर ओपीटीचे १२ महिने आणि आपल्या शाखांना आणखी २४ महिने मिळतात. ओपीटीच्या त्या पहिल्या वर्षात मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. काही कंपन्या परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, आणि संरक्षण खात्याच्या कामाला बहुधा अमेरिकी नागरिकच लागतो. हे आधी बघितलं, तर चुकीच्या रांगेतला अर्धा तास वाचतो. नियम बदलत असतात, तेव्हा खात्री विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातच करा, मित्राच्या मित्राकडून नको.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. पुण्यात काय किंवा तिकडे काय, आपली मुलं एका शब्दाशी अडतात. तो शब्द 'मी'. घरी आणि शाळेत आपल्यावर संस्कार झाले, मी-मी करू नये. मुलगी समोर बसते आणि सांगते, "आम्ही अॅप केलं, आम्ही डेटाबेस लावला." मी विचारते, "त्यात तुझं काय?" ती गप्प. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त काम तिनेच केलेलं असतं, पण सांगायला जीभ उचलत नाही. याउलट प्रोजेक्ट विकत आणलेला मुलगा सफाईदार इंग्रजीत 'मी' म्हणतो. हे का वापरलं, अमुक बिघडलं तर काय, असे दोन प्रश्न विचारले की तो थांबतो.

मुलांनो, आपण केलेल्या कामाचा हिशोब नेमका देणं म्हणजे बढाई नव्हे. "चौघांचा गट होता, लॉगिन आणि रिपोर्ट मी केले, एक रिपोर्ट फार हळू चालायचा, तो मी असा दुरुस्त केला." एवढंच. यात खोटं काही नाही आणि जास्तही काही नाही. माझ्या दृष्टीने तयारी ती हीच. आपल्या एका कामाबद्दल काय केलं, का केलं, काय अडलं, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आईला मराठीत सांगून बघा. तिला कळलं, तर ते इंग्रजीत आणणं सोपं आहे. तिला कळलं नाही, तर अजून ते तुम्हालाही पुरतं कळलेलं नाही.

शेवटी माझ्या वयाच्या मंडळींना. माझी निवड झाली खरी, पण मंदीमुळे त्या कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, ती नऊ महिने. तेवढ्या काळात मी एका क्लासमध्ये 'सी' शिकवलं. दोघीतिघी मैत्रिणींना कॅम्पसला काहीच मिळालं नव्हतं, आज त्या माझ्याइतक्याच पुढे आहेत. बाजार पडलेला असतो तेव्हा हुशार मुलंही मागे राहतात. आजही भरती खालीवर होते आहे. तेव्हा संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न "झालं का सिलेक्शन?" हा नको. "आज काय विचारलं, तू काय सांगितलंस?" असं विचारा. त्याने घरीच सराव होतो, आणि निकाल काहीही लागला तरी मूल फोन उचलतं.

जेवणानंतर मी दहावी 'अ'च्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी रेझ्युमे आणले आहेत त्यांनी कागद आणि पेन्सिल घेऊन या. नसतील आणले तरी या, तिथेच लिहायला घेऊ. आईवडिलांनी मात्र बाहेर थांबावं, मुलांना स्वतःचं स्वतः बोलू द्यावं.