पाटीवरचं आडनाव

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीला गच्चीवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगण्यात आलंय. शेगडीकडे माझं लक्ष आहे, काळजी नसावी.

पंचवीस वर्षं लिफ्टची वाट बघताना मी एकच गोष्ट वाचत आलोय, ती म्हणजे खालची नावांची पाटी. आपल्यात कुलकर्णी आहेत, पाटील आहेत, देशमुख आहेत. ही कामावरून, वतनावरून पडलेली आडनावं. सोनार, सुतार ही धंद्यावरून. पवार, जाधव, मोरे, शिंदे ही कुळांची. आणि सगळ्यात जास्त आपले 'कर'. त्यांची गंमत अशी की 'कर' हे आडनाव माणसाला गाव सोडल्यावर चिकटतं. येवल्यात राहणाऱ्याला कुणी येवलेकर म्हणून हाक मारत नाही, तिथे सगळेच येवल्याचे. तो बाहेर पडला, दुसऱ्या पेठेत दुकान घातलं, की झाला येवलेकर. म्हणजे आपण आता जिथे राहत नाही, त्या गावाचं नाव आपण लावतो.

आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं घ्या. निफाड तालुक्यातलं विंचूर. पेशवाईतले नामवंत सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर मूळचे दाणी. विंचूर मिळालं आणि दाणीचे विंचूरकर झाले. याच तालुक्यातलं शिरवाडे, त्यावरून शिरवाडकर. आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज, 1912 साली पुण्यात जन्मले तेव्हा गजानन रंगनाथ होते. काका वामनराव यांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. स्वतःचं नाव बदललं, बापाचं नाव बदललं, आडनाव मात्र तेच राहिलं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. तोही गायकवाडांच्याच एका शाखेतला, म्हणून तिथेही आडनाव सुटलं नाही. दत्तकाचा हा विषय लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

मी नोकरीभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या आमच्या चिरंजीवांनी नळीत लाळ भरून एका कंपनीला पाठवली, तेव्हा रिपोर्ट समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांकडची रेघ 'आर वन ए' निघाली. गावाकडचे आमचे काका, वय 82, खूश. म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो? आपण उत्तरेकडून आलेलो. पाचशे वर्षांत आपल्या घराण्यात बाहेरचं कोणी नाही." मी म्हटलं, काका, हा 'आर वन ए' पोलंडपासून बंगालपर्यंत सापडतो. आपल्याकडे ब्राह्मणांत सापडतो, मराठ्यांत सापडतो, आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही सापडतो. यावरून कुणी कुणापेक्षा वरचा ठरत नाही. काकांनी विषय बदलला.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचा एक छोटा गुणसूत्र असतो. तो बापाकडून मुलाकडे जातो, अगदी आपल्या आडनावासारखा. म्हणून इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी 2000 साली एक गंमत केली. स्वतःचंच आडनाव असलेल्या, एकमेकांशी नातं ठाऊक नसलेल्या 48 साइक्स पुरुषांचा वाय तपासला. जवळजवळ निम्म्यांचा एकच निघाला. म्हणजे ते आडनाव बहुधा एकाच मूळ पुरुषापासून चालत आलं होतं.

आपल्याकडे हा हिशेब जुळणं कठीण. पवार घ्या. आपल्या जिल्ह्यात मराठा पवार आहेत, कोकणा पवार आहेत, भिल्ल पवार आहेत, बौद्ध पवार आहेत. एकाच आडनावाखाली किती वेगवेगळे वंश! आणि 'कर' तर गावातून बाहेर पडलेल्या कुणालाही लागतो, तिथे जात-धर्म आडवा येत नाही. कोकणात पारकर मुसलमानही आहेत.

दुसरी गोष्ट. मागे जा: आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, मग आठ, सोळा. दहा पिढ्यांमागे, म्हणजे साधारण पेशवाईच्या सुरुवातीला, 1024 जागा भरतात. (प्रत्यक्षात माणसं कमी, कारण मामाची मुलगी करायची आपली पद्धत, तोच माणूस दोन-तीन जागांवर येतो.) त्या 1024 पैकी तुमचं आडनाव वडिलांच्या वडिलांच्या वडिलांकडून, एकाच रेघेनं आलंय. बाकीचे 1023 पाटीवर नाहीतच. त्यांत निम्म्या बायका.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अलिबागजवळचं आहे. तिथे नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावं ऐका: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल यांचं आडनावही केहीमकर. आडनावावरून माणूस रायगडचा, दुसरं काही ओळखू येऊ नये.

2016 साली त्यांच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. निघालं असं, की त्यांच्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा वारसा खरोखर आहे आणि कोकणातल्या माणसांचाही आहे. ज्यू वारसा जास्त करून वडिलांच्या बाजूनं आलेला, इथला वारसा जास्त करून आईच्या बाजूनं. मिसळ झाली ती साधारण 650 ते 1050 वर्षांपूर्वी. म्हणजे परंपरा खोटी नव्हती, पण अपुरी होती. सात जोडप्यांच्या गोष्टीत त्या कोकणी आया कुठेच नाहीत. त्यांची नोंद कुठल्या वहीत नाही, लेकरांच्या अंगात आहे.

आता आमच्याकडे येतो. माझं आडनाव तुम्हाला ठाऊक आहे, कळवण तालुक्यातल्या गावावरून आलेलं. गेल्या वर्षी काकूचं वर्षश्राद्ध झालं आणि काकांनी त्र्यंबकला जायचं काढलं. तिथे तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात, हे नाशिककरांना मी सांगायला नको. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लाल कापडात बांधलेली लांबडी वही काढली. काकांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, यांच्या नावापाशी गुरुजी थांबले. चष्मा पुसला आणि वाचलं: दत्तक. पुढे सिन्नर तालुक्यातल्या एका गावाचं नाव, आणि कोणाचा, तर दत्तक घेणाऱ्याच्या बायकोच्या भावाचा मुलगा.

काका काहीच बोलले नाहीत. दक्षिणा दिली, जोडे घातले. परतीच्या एसटीत, सातपूर आलं तेव्हा म्हणाले, "मग आपण कोण रे?"

मी इतकी वर्षं वर्गात उत्तरं दिली, तेव्हा मात्र सुचलं नाही. कारण हिशेब असा होता: ज्या माणसाचं आडनाव आम्ही पाच पिढ्या लावतोय, त्याचा वाय आमच्यात नाही. 'आर वन ए' आलाय तो त्याच्या बायकोच्या माहेरचा. तिचं माहेरचं आडनाव वहीत नव्हतं, घरात कुणाला आठवत नव्हतं. आणि काकांनी अभिमान धरला होता तो नेमका तिच्या भावाच्या वंशाचा.

दीड-दोन महिने काकांनी फोन उचलला नाही. मला वाटलं, आपणच हे उकरून काढलं, उगाच. मग पितृपक्षाच्या आधी त्यांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "जमीन कुणी दिली? विहीर कुणी खणली? ज्यानं दिली त्याचंच नाव राहणार, ते मी बदलणार नाही. पण तिचंही काहीतरी पाहिजे." सर्वपित्रीला मी गेलो होतो. दरवर्षीपेक्षा एक पान जास्त मांडलं होतं. गुरुजींनी कुणासाठी विचारलं, तर काका म्हणाले, "सिन्नरच्या आजीच्या माहेरचं."

डिसेंबरात आम्ही दोघं त्या गावी जाऊन आलो. पारावर चौकशी केली. तीन आडनावांच्या लोकांनी सांगितलं की ती बाई आमच्यातलीच असणार. तिघांनीही चहा पाजला. काका म्हणाले, कुठलंही एक खरं असलं तरी चालेल. (माझ्यातला मास्तर म्हणत होता, तिघांची लाळ घ्यावी. बायकोनं डोळे वटारले.)

दूध उतू जायच्या बेतात दिसतंय, म्हणून शेवटचं एकच काम सांगतो. स्मरणिकेसाठी कमिटीनं घरटी कुटुंब-परिचयाचा फॉर्म दिलाय. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, व्यवसाय असे रकाने आहेत. मी सेक्रेटरींशी बोललोय, खाली एक ओळ वाढवून नवे फॉर्म छापून घेतलेत: आईचं माहेरचं आडनाव आणि गाव, आजीचं माहेरचं आडनाव आणि गाव, दोन्हीकडच्या. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आज रात्रीच विचारा. आमच्या घरातला तिसरा रकाना कोराच राहिलाय, तो तसाच छापायला सांगितलंय. फॉर्म वॉचमनच्या टेबलावर आहेत, रविवारपर्यंत परत द्या. दूध घ्यायला चला.