फिलाडेल्फिया आणि तेरेखोल



अमेरिकेच्या राज्यघटनेच्या उदयकाळाविषयी मी बोलावे, अशी आपली सूचना आली, तेव्हा केरीच्या श्रोत्यांपुढे हा विषय फार दूरचा ठरेल अशी शंका मनात आली. पण सनावळी जुळवू लागलो, तसा तो विषय फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत येऊन पोचला. येथून नदीपलीकडे जो तेरेखोलचा किल्ला दिसतो, त्याच्याशी तर त्याचा फारच जवळचा संबंध आहे.

आधी सनावळीच पाहू. १७८१ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांनी डिचोली घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस जॉर्ज वॉशिंग्टनला शरण गेला. १७८७ च्या मे ते सप्टेंबर या काळात फिलाडेल्फियात पंचावन्न प्रतिनिधी खिडक्या-दारे लावून राज्यघटना रचत होते. त्याच वर्षी ऑगस्टात गोव्यात पाद्री, लष्करी अधिकारी आणि गृहस्थ यांचा एक कट उघडकीस आला. पिंटोंचे बंड म्हणून आपण त्याला ओळखतो. पंधरा जणांना फाशी झाली, आणि कित्येक पाद्र्यांची रवानगी लिस्बनला झाली. १७८८ च्या जूनमध्ये नवव्या राज्याने संमती दिली आणि अमेरिकेची घटना मंजूर झाली. त्याच वर्षी जानेवारीत वाडीकर खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मिळणाऱ्या मदतीच्या बदल्यात पेडण्याचा महाल पोर्तुगीजांच्या हवाली केला. म्हणजे तिकडे प्रजा स्वतःचे राज्य लेखी स्वरूपात उभे करीत होती, आणि इकडे आपला मुलूख एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे जात होता. येथील कुळाला कोणी काही विचारल्याची नोंद कोणत्या तहनाम्यात असणार?

कॉर्नवॉलिसचे पुढे काय झाले, हेही सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत हरलेला हा सरदार १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि त्याच्या कारकीर्दीत कंपनी सरकारातील वरिष्ठ जागा एतद्देशीयांना बंद झाल्या. पोर्तुगालने मात्र पुढे काही काळ नेमका उलटा रस्ता धरला. माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा तोच आहे.

अमेरिकन वसाहतींची मूळ तक्रार सर्वांस ठाऊक आहे: लंडनच्या पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, मग तिने आमच्यावर कर का बसवावा? १८२० साली पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, आणि लिस्बनच्या नव्या सभेने समुद्रापारच्या मुलुखांना आपले प्रतिनिधी पाठविण्यास सांगितले. म्हणजे अमेरिकनांना जे नाकारले गेले, ते गोव्याला न मागता देऊ करण्यात आले. १८२१ च्या सप्टेंबरात येथे व्हाइसरॉय पदच्युत झाला. डिसेंबरात ‘गाझेत द गोवा’ हे पहिले वृत्तपत्र निघाले. ज्या गोव्यात १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना आला, त्याच गोव्यात १७५४ पासून मुद्रणाला बंदी होती. ग्रंथालयाच्या उत्सवात ही गोष्ट उच्चारल्यावाचून राहवत नाही. १८२२ च्या आरंभी निवडणूक झाली आणि तीन प्रतिनिधी निवडून आले. त्यांतील दोघे गोमंतकीय: नेवऱ्याचे वैद्य बेर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कोन्स्तान्सियो रोक द कोस्ता. शिडाच्या जहाजाचा प्रवास तो. हे दोघे लिस्बनला पोचेपर्यंत राजाने ती सभाच मोडीत काढली होती. मिगेलच्या अनियंत्रित अमलात पेरेस द सिल्वांना ब्राझीलचा आश्रय घ्यावा लागला. तेथे रिओ द जानेरो येथे १८३२ साली त्यांनी राज्यघटनेवर एक संवादरूप पुस्तक छापून घेतले. गोव्याच्या माणसाने घटनेवर पुस्तक लिहावे आणि ते अमेरिका खंडात छापले जावे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात अधिक आदराने नोंदली जायला हवी होती.

१८३४ साली पोर्तुगालमध्ये उदारमतवादी पक्षाचा जय झाला आणि पेरेस द सिल्वांची ‘प्रीफेक्ट’ म्हणून गोव्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांच्या अमलात या भूमीत जन्मलेला मनुष्य त्या खुर्चीवर बसला, तो हाच एक. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि १ फेब्रुवारीला सैन्याने त्यांना खाली ओढले. जेमतेम अडीच आठवड्यांचा हा कारभार! सैन्यातील मोक्याच्या जागा येथे स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वंशजांच्या घराण्यांकडे होत्या. आपल्यावर एक गोमंतकीय वैद्य हुकूम चालविणार, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. पेरेस द सिल्वांना जहाजाने मुंबई गाठावी लागली. पुढे पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या पलटणीची कत्तल झाली आणि किल्ला जाळण्यात आला. आणि तेरेखोल? तेथील शिबंदीनेही प्रीफेक्टचाच पक्ष घेतला होता. त्या शिबंदीला आणि किल्ल्यात असलेल्या लोकांना कापून काढण्यात आले. सावंतांनी बांधलेला आणि १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकलेला हा किल्ला. त्याच्या तटाआड लिस्बनच्या राणीच्या नावाने निघालेला नेमणुकीचा कागद खरा मानणारी माणसे मारली गेली, आणि मारणारेही त्याच राणीचे शिपाई होते.

येथे अमेरिकेची आठवण होते. तिकडे सैन्य अगदी निमूट होते असे समजू नये. १७८३ च्या मार्चमध्ये न्यूबर्ग येथील छावणीत, थकलेल्या पगारासाठी अधिकारी काँग्रेसला धाकात घेण्याच्या बेतात होते. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत स्वतः गेला. हातातील पत्र वाचता येईना, म्हणून त्याने खिशातून चष्मा काढला, आणि देशाची चाकरी करता करता दृष्टीही अधू झाली, असे काहीसे बोलला. ते ऐकून अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले, असे सांगतात. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ॲनापोलिस येथे त्याने सेनापतिपदाची सनद काँग्रेसच्या हाती परत दिली. माझ्या मते फिलाडेल्फियाच्या घटनेचे पहिले कलम त्या दिवशी लिहिले गेले. १८०१ साली पराभूत ॲडम्सने विरोधी पक्षाच्या जेफर्सनला सत्ता दिली, तेव्हाही कोणी तलवार उपसली नाही. गोव्याजवळ घटना होती, निवडणूक झाली होती, वृत्तपत्र निघाले होते, लायक मनुष्यही होता. सनद परत करणारा सेनापती मात्र नव्हता.

अर्थात दोन्हीकडच्या या कागदांत कोण मावत होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची गणना तीन माणसांइतकी केली. येथे नव्या काबिजादीतील हिंदू रयतेला पूर्ण नागरिकत्वाची समानता १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर मिळाली. पेरेस द सिल्वांविषयी मला मनापासून आदर आहे, तथापि त्यांचा तो संवाद पेडण्याच्या शेतकऱ्याच्या कानी कधी पडला असेल, असे वाटत नाही. सत्तरीच्या राण्यांनी १८५२ साली दीपाजींच्या नेतृत्वाखाली जो मार्ग धरला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

पेरेस द सिल्वांनी धीर सोडला नाही. दमण आणि दीव त्यांच्याशी एकनिष्ठ राहिले. मुंबईतील गोमंतकीय व्यापारी रोजेर द फारिया यांच्या पैशाने त्यांनी गोव्यावर जहाजेही सोडली, पण ती मोहीम फसली. १८३७ साली नवा गव्हर्नर आला. गोव्याने पेरेस द सिल्वांना पुन्हा लिस्बनला प्रतिनिधी म्हणून पाठविले, आणि तेथेच १८४४ साली त्यांचे निधन झाले.

तेरेखोलचे नाव पुन्हा गाजले ते १५ ऑगस्ट १९५४ रोजी. आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढल्या वर्षी त्याच दिवशी हिरवे गुरुजी तेथे धारातीर्थी पडले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पेरेस द सिल्वांनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, गोव्याच्या कारभाराच्या प्रमुखपदी पुन्हा येथलाच मनुष्य आला, आणि तो लोकांच्या मतांवर आला. त्या दयानंद बांदोडकरांचा जन्म आपल्या पेडण्याचा.