परदेशी शाळेतील साहाय्यक शिक्षक
(केडगाव येथील शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



परदेशात इंग्रजी शिकवायला साहेबच लागतो, असा आपला समज आहे. तो खरा नाही. भारत व दक्षिण कोरिया यांच्यात २००९ साली आर्थिक भागीदारीचा करार झाला. १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला आणि भारतीयांना तेथील शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक होण्याची वाट मिळाली. मात्र पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाची पात्रताही लागते.

वर्ग कोरियन शिक्षकाचाच असतो. साहाय्यकाने मुलांना बोलते करायचे असते. आपल्याकडे व्याकरण पाठ होते, पण दहावी झालेली मुलगी इंग्रजीत दोन वाक्ये बोलायला बिचकते. तिला आजच बोलते करा. उद्या तीही अशी शिक्षिका होईल.