माँटिसेलोचं घड्याळ

माँटिसेलो म्हणजे इटालियन भाषेत 'छोटा डोंगर'. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं व्हर्जिनियातलं घर अशाच एका टेकडीच्या माथ्यावर आहे. आराखडा त्यांनी स्वतःच काढलेला. कधी ते पाहायला गेलात, तर दिवाणखान्याकडे धावू नका. पुढच्या दालनात, दारावरच्या घड्याळापाशी अंमळ थांबा.

तोफेच्या गोळ्यांसारखी वजनं दोराला टांगलेली आहेत. रविवारी चावी दिली की ती आठवडाभर भिंतीलगत उतरतात आणि वाटेत लिहिलेले वार दाखवतात. पण भिंत पडली तोकडी! मग जमिनीलाच भोक पाडलं आणि शनिवार गेला तळघरात. हसू येतं खरं. आता बाहेर येऊन त्याच घड्याळाची दुसरी तबकडी पाहा. तिला मिनिटकाटाच नाही! शेतात राबणाऱ्यांना मिनिटं कशाला हवीत? छपरावरच्या चिनी थाळ्याचे टोले त्यांना दुरूनही ऐकू जात.

हे राबणारे गुलाम होते. १७७६ साली 'सर्व माणसं समान' असं जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थांच्या मालकीचे आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते.

भोजनगृहात शेकोटीच्या दोन्ही अंगांना चोरकप्पे आहेत. त्यांतून तळघरातल्या मद्याच्या बाटल्या वर येत. बाटली दिसे, ती ठेवणारा हात दिसत नसे. पाहुण्यांना या युक्तीचं मोठं कौतुक! म्हणून म्हणतो, तुम्ही खाली स्वयंपाकघरात उतराच. तिथे ईडिथ फॉसेट ही गुलाम बाई रांधायची. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली ती तयार झाली होती. तिचा नवरा जोसेफ लोहारकाम करी.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले. मागे कर्जाचा डोंगर. मृत्युपत्रानं जोसेफला मुक्ती दिली, बायकामुलांना नाही. जानेवारी १८२७ मध्ये याच टेकडीवर लिलाव पुकारला गेला. घोडे, गुरं, सामानसुमान आणि १३० माणसं. ईडिथ आणि तिची मुलंही त्यांत होती. अकरा वर्षांचा पीटर परक्या मालकाकडे गेला. बापाजवळ स्वातंत्र्य होतं, पण सगळ्या लेकरांना सोडवण्याइतका पैसा कुठून आणणार?

पीटर सुटला तो १८५० साली, आप्तांनी त्याची किंमत मोजल्यावर. पुढे तो सिनसिनाटी शहरात धर्मोपदेशक झाला. १९०० साली, ऐंशी उलटल्यावर, तो माँटिसेलो पाहायला आला.